चौघांची घोडी, तिघांचं बिल

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. पत्र चौलजवळून आलंय. नागावला होमस्टे, घरची नारळ-सुपारीची वाडी, शाळेपासूनचे चार मित्र. त्यातला एक आता मुंबईत असतो, त्याला रेसचा नाद, त्याच्याच डोक्यातून हे निघालं आणि चौघांनी प्रत्येकी दीड लाख काढून सहा लाखाला रेसची एक फिली, म्हणजे तरुण घोडी, घेतली. पहिल्या रेसला चौथी आली, दुसऱ्या रेसला दुसरी, ग्रुपवर रात्रभर धिंगाणा. मग पुढच्या डाव्या पायाला सूज आली आणि तेव्हापासून घोडी तबेल्यात उभी आहे. बिल मात्र चालूच, महिन्याला साठ हजाराच्या आसपास. चौघांतला एक गेले सात महिने पैसे देत नाहीये, एक म्हणतो विकून मोकळे होऊ, मुंबईवाला म्हणतो थांबा रे, हिला लांब पल्ल्याला पळवू मग बघा, आणि पत्र लिहिणारे भाऊ मधल्या मध्ये लटकलेत. घरी वहिनींना "एक छोटी गुंतवणूक केलीय" एवढंच माहितीय. ताई, धरू का सोडू, असा प्रश्न आहे.

भाऊ, तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय की "घातलेले पैसे तरी निघायला पाहिजेत". ते निघणार नाहीत असं धरून चला, मग बाकीचं सगळं सोपं होतं. दीड लाख गेले. ते ज्या दिवशी दिले त्याच दिवशी गेले, कारण रेसचा घोडा हा विकत घेताना स्वस्त आणि सांभाळताना महाग असा प्रकार आहे. तुमचेच आकडे घ्या ना. महिन्याला साठ म्हणजे वर्षाला सात लाख वीस हजार, म्हणजे घोडीच्या किमतीपेक्षा एका वर्षाचं खाणं, सईस म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, ट्रेनर, डॉक्टर, नालबंद हे सगळं मिळून जास्त. आणि चौथा देत नाही म्हणजे तुम्हा तिघांना पंधराच्या जागी वीस हजार पडतायत, म्हणजे तुम्ही एकटे वर्षाला दोन लाख चाळीस. त्या दोन रेसमधून हातात आलं ते दोन महिन्यांच्या बिलात गेलं असं तुम्हीच लिहिलंय. दहा घोडे पळतात, एक जिंकतो, बाकीचे नऊ मालक घरी जाताना गाडीत तेच बोलत असतात जे तुमचा मुंबईवाला मित्र बोलतोय, की पुढच्या वेळी बघा.

म्हणून सोडू का धरू हे जिंकण्यावर ठरवू नका. ही घोडी एकदाही जिंकली नाही तरी अजून एक सीझन दर महिन्याला माझ्या वाट्याचे पैसे मी कुरकुर न करता देईन का, एवढंच स्वतःला विचारा, आणि उत्तर नाही असेल तर सोडा, त्यात लाज कसली. हो असेल तर धरा. पण हे ठरवायच्या आधी काही गोष्टी आहेत ज्या तुम्हाला माहीतच नाहीयेत असं पत्रावरून वाटतंय आणि त्याच जास्त महत्त्वाच्या आहेत.

सगळ्यात मोठी म्हणजे नाव. तुम्ही लिहिता "क्लबात आमची सगळ्यांची नावं लावलीयत असं तो म्हणतो". तो म्हणतो म्हणजे काय? घोड्यात ज्याचा ज्याचा हिस्सा आहे त्याची नोंद टर्फ क्लबात व्हावी लागते, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब म्हणजे महालक्ष्मी आणि पुणे दोन्ही चालवणारी संस्था, तिच्या रेकॉर्डवर मालक म्हणून कोण आहे ते बघायचं. घोडीचा पासपोर्ट असतो, त्यात तिचं वर्णन, आईबाप, खुणा सगळं असतं. मित्राला सांगा की पासपोर्टचा आणि मालकी नोंदीचा फोटो पाठव. रागावला तर रागावू दे. रेकॉर्डवर त्याचं एकट्याचंच नाव निघालं तर क्लबच्या लेखी तुम्ही मालक नाहीच, तुम्ही मित्राला दर महिन्याला पैसे पाठवणारे गृहस्थ आहात, आणि मग विकायचं का ठेवायचं ह्यावर तुमच्या मताला तोंडी किंमत आहे तेवढीच.

दुसरं ह्याच्याच शेजारचं. घोडी खरंच विकत घेतलीय की लीजवर आहे? हसू नका, आपल्याकडे बरेच स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास करणारे, फिली विकत नाहीत, पळवण्यापुरती लीजवर देतात आणि तिची रेस संपली की पैदाशीसाठी परत नेतात. तसं असेल तर "विकून टाकू" म्हणणारा मित्र जी वस्तू तुमची नाहीच ती विकायला निघालाय. आणि खरंच तुमची असेल तर मात्र फिली असणं हे तुमच्या फायद्याचं आहे. खच्ची केलेला घोडा पळायचा थांबला की त्याला बाजारात फार काही उरत नाही, फिलीचं तसं नसतं, घराणं बरं असेल तर पाय गेला तरी ब्रूडमेअर म्हणजे पैदाशीची घोडी म्हणून कोणी ना कोणी स्टडवाला विचारतो. तिच्या आईने काय काय पोरं दिलीत, त्यातली किती जिंकलीत, हे पेडिग्रीच्या म्हणजे वंशावळीच्या कागदावर असतं, तो कागद बाहेर काढा.

आता पाय. तुम्ही फक्त "सूज" लिहिलंय आणि ट्रेनर "आराम" म्हणतोय. एवढ्यावर कोणी सात-आठ महिने बिल भरतं का हो? घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याच्या खाली मांस नसतंच, हाड, त्यावर टेंडन म्हणजे शिरा म्हणतो आपण त्या जाड दोऱ्या, आणि कातडी. दोन-तीन वर्षांच्या घोड्याला नव्याने जोरात पळवलं की नळीच्या हाडावर पुढून ताण येऊन दुखायला लागतं, त्याला शिन सोअर म्हणतात, ते त्रासदायक असतं पण काही आठवडे, फारतर काही महिन्यांत जातं आणि घोडा पुन्हा पहिल्यासारखा पळतो. मागच्या बाजूचं टेंडन फाटलं असेल तर ती गोष्ट वेगळी. तिथे रक्तपुरवठा कमी, भरून यायला नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त, आणि भरलं तरी ती जागा कायमची कच्ची, पुन्हा फाटायची भीती राहतेच. ह्या दोन्हीला बाहेरून बघितलं तर माणूस सूजच म्हणणार. तुमची तर आता सात-आठ महिने उभी आहे म्हणजे मला दुसरी शंका जास्त येते, पण मी डॉक्टर नाही. अल्ट्रासाउंड स्कॅन झालाय का, झाला असेल तर रिपोर्ट कुठाय, नसेल तर ह्याच महिन्यात करून घ्या, आणि रिपोर्ट ट्रेनरच्या तोंडून नको, व्हेटकडून म्हणजे घोड्याच्या डॉक्टरकडून लेखी घ्या. लांब पल्ल्याला पळवायची भाषा तर त्याच्या आधी नकोच. सोळाशे मीटरला दुखणारा पाय चोवीसशेला बरा होत नाही.

जाता जाता, रेसच्या घोड्यांचे वाढदिवस सगळ्यांचे १ जानेवारीलाच धरतात. तुमची एप्रिलमधली आहे म्हणता, म्हणजे कागदावर तीन वर्षांची झाली तेव्हा खरी पावणेतीनचीच होती. हाडं भरायच्या आत पळवायची घाई सगळीकडेच असते, त्याचा दोष एकट्या ट्रेनरला देऊ नका.

आणि हो, ती आयडिया. विकायला निघालेल्या मित्राचा दुसरा पर्याय, की घोडी नागावला आणून वाडीत बांधू, रोज सकाळी समुद्राच्या पाण्यातून चालवू, बिल वाचेल आणि होमस्टेच्या पाहुण्यांना फोटोला पण होईल. वाचून मी कपाळाला हात लावला. किनाऱ्यावर पाहुण्यांना फिरवणारे घोडे, ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात नेणाऱ्या बग्ग्यांचे घोडे, ते ह्या हवेत वाढलेले असतात आणि त्यांचे मालक पिढ्यान्‌पिढ्या तेच करतायत. थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच्या जातीची घोडी, आपल्या मे महिन्याच्या दमट उकाड्यात आणली तर काही घोड्यांना घामच यायचा बंद होतो, मग अंग तापत जातं. वाळूत पडलेलं गवत-दाणा खाताना वाळू पोटात जाते, ती आतड्यात साठते, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, काही म्हणजे काही बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे पोट दुखायला लागलं की तासांचा खेळ असतो आणि रात्री दोन वाजता घोड्यांचं ऑपरेशन करणारा व्हेट तुम्ही रेवदंड्यात कुठून आणणार? पाण्यात चालवणं चांगलं असतं हे खरंय, महालक्ष्मीला आणि पुण्यालासुद्धा घोड्यांना पोहायला टाकी आहे ती त्याचसाठी. आरामालाच ठेवायचंय तर ट्रेनरला विचारून एखाद्या फार्मवर पाठवा, ट्रेनिंगमधल्या घोड्यापेक्षा तिथला खर्च कमी येतो आणि मोकळ्या रानात तिचं डोकंही ठिकाणावर राहतं. हा प्रश्न खरंतर तुम्ही सहा महिन्यांपूर्वीच विचारायला हवा होता, उभ्या घोडीचं पूर्ण ट्रेनिंगचं बिल का भरताय?

आता चौथा मित्र. त्याच्याबद्दल तुम्ही फार हळुवार लिहिलंय, त्याचं दुकान बसलं, मुलीची फी, सगळं समजू शकते मी. पण सात महिन्यांचे पंधरा-पंधरा म्हणजे एक लाख पाच हजार तुम्ही तिघांनी त्याच्या नावाने भरलेत आणि कागदावर तो अजून पाव हिश्श्याचा मालक आहे. उद्या घोडी जिंकली तर लीडिंग-इनला, म्हणजे जिंकलेल्या घोडीला आत आणताना, लगाम धरून चालायला, फोटोला, आणि बक्षिसाच्या पैशात तो हक्काने उभा राहील आणि तेव्हा जे भांडण होईल ते आताच्यापेक्षा दसपट वाईट. आपल्या कोकणात हे कोणाला समजावायला नको, सामाईक सातबाऱ्यावर बारा नावं असली की घरपट्टी एकजण भरतो आणि विकायच्या दिवशी सही मागायला गेलं की बाराच्या बारा चुलत भाऊ उगवतात. इथे अजून चारच नावं आहेत, तेवढ्यात निस्तरून घ्या.

कसं निस्तरायचं? त्याला ग्रुपवर काही लिहू नका. तुम्ही एकटे त्याच्या घरी जा, कारण चौघांत तुमचंच त्याच्याशी जमतं असं दिसतंय. त्याला सांगा की बाबा, मागचे एक लाख पाच तू देऊ नकोस, त्या बदल्यात तुझा हिस्सा आम्हा तिघांच्या नावाने कर, क्लबात तशी नोंद होईल आणि आजपासून तुझ्यामागे बिल नाही. पाय दुखावलेल्या घोडीचा पाव हिस्सा आज बाहेर कोणी एक लाखाला घेणार नाही, म्हणजे त्याच्यावर अन्याय होत नाहीये, उलट सुटतोय तो. मला वाटतं तो हो म्हणेल, बऱ्याचदा माणूस पैसे नसतात म्हणून गप्प नसतो, पैसे नाहीत हे सांगायची लाज वाटते म्हणून गप्प असतो. नाहीच म्हणाला तर मग मात्र लेखी मुदत द्या. ट्रेनरचं बिल थकू देऊ नका एवढं लक्षात ठेवा, थकबाकीची तक्रार क्लबाकडे गेली तर सगळ्याच मालकांची नावं खराब होतात, ज्याने वेळेवर दिले त्याचंही.

त्यानंतर उरलेल्या तिघांनी दोन पानांचा करार करा. पाचशेचा स्टॅम्प लागतो आता, शंभरचा २०२४ च्या ऑक्टोबरपासून बंद झाला, आणि एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला. त्यात काय हवं ते माझ्या अनुभवावरून सांगते, माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्यांत घोड्यात पैसे घालणारे दोन-तीनजण आहेत आणि त्यांची भांडणं नेहमी त्याच त्याच गोष्टींवरून होतात. ट्रेनर बदलायचा निर्णय कोणाचा. दोन महिने कोणी दिले नाहीत तर काय. कोणाला बाहेर पडायचं असेल तर हिस्सा आधी कोणाला विचारायचा आणि भाव कोण ठरवणार. आणि जे कोणीच लिहीत नाही ते, म्हणजे घोडी पळायची थांबली की जाणार कुठे आणि तोपर्यंतचा खर्च कोणाचा. घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं हो. रेस फारतर पाच-सहा वर्षं. स्टडला गेली तर ठीक, रायडिंग स्कूलला गेली तरी ठीक, पण "कोणीतरी नेईल" हे उत्तर नाही, फुकट न्यायला येणारा पहिला माणूस सगळ्यात आधी तपासून बघायचा. पूर्वी निवृत्त घोडे लस-सिरमसाठीही जायचे, पुण्याच्या पूनावालांच्या स्टडमधले लस-सिरम बनवणाऱ्या मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे आणि त्यातूनच पुढे १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपल्याकडे फुरसं चावलं की सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन मिळतं तेसुद्धा घोड्याच्या रक्तातूनच बनतं, हे वाडीत काम करणाऱ्या कितीजणांना माहीत असतं कोण जाणे.

टॅक्सचं विचारलंय ते पटकन. मित्राने सांगितलंय की "लॉस दाखवून टॅक्स वाचतो". तुमचा नाही वाचणार. घोडे बाळगण्यातला तोटा फक्त घोडे बाळगण्यातल्याच उत्पन्नातून वजा होतो, म्हणजे बक्षिसातून, होमस्टेच्या कमाईतून नाही, आणि तो पुढे ओढता येतो चारच वर्षं. वाडीचं उत्पन्न तर शेतीचं, त्यावर तसाही आयकर नाही. बिलं मात्र सगळी जपून ठेवा, स्वतःच्या हिश्श्याची, यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर भागवू नका.

आणि "आपलीच घोडी आहे, आतली बातमी आहे, टोटवर (म्हणजे रेसकोर्सवरच्या पैजेत) लावून बिल वसूल करू" हे जे मुंबईवाल्याचं चाललंय त्यात पडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांवरच्या पैजेला जीएसटी ४० टक्के झालाय आणि तो लावलेल्या पूर्ण रकमेवर, वर जिंकलात तर त्यावर ३० टक्के आयकर. बातमी कितीही आतली असो, हे गणित बसत नाही. ह्याचा तुम्हाला मालक म्हणूनही फटका आहे, कारण बक्षिसाचा पैसा येतो तो शेवटी पैजेच्या उलाढालीतूनच, लोक कमी लावतात तेव्हा क्लबाच्या गल्ल्यात कमी पडतं आणि स्टेक मनी म्हणजे बक्षिसाची रक्कम वाढायचं नाव घेत नाही.

वहिनींचं. त्यांना पुढचं बिल यायच्या आधी सांगा, आणि सांगताना सगळा आकडा सांगा, दीड लाखावर थांबू नका. त्यांना घोडीचा राग येईल असं तुम्हाला वाटतंय, मला वाटतं राग लपवल्याचाच येईल, तो तुमच्या कर्माने येणार आहे, घ्या. पण एक गोष्ट तुमच्या पत्रातच आहे आणि ती मला फार आवडली. दुसऱ्या रेसच्या दिवशी रविवार होता, होमस्टे फुल्ल, तुम्ही एका हातात सोलकढीचा जग आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन पंगतीत वाढत होतात, शेवटच्या दोनशे मीटरला ती बाहेरून सुटली आणि तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात की ठाण्याच्या पाहुण्यांच्या ताटात सोलकढी सांडली, आणि वहिनींनी आतून विचारलं काय झालं, तर तुम्ही म्हणालात क्रिकेट. ते "क्रिकेट" मागे घ्या आणि तिथूनच सुरुवात करा. ज्या माणसाला पंगतीत वाढताना एवढा आनंद होतो त्याने ह्या छंदासाठी महिन्याला काही रक्कम बाजूला ठेवली तर मला त्यात पाप दिसत नाही, रक्कम मात्र दोघांनी मिळून ठरवा. आणि आपल्या धंद्याचा ऋतू बघून ठरवा, पावसाळ्यात होमस्टे रिकामं असतं, घोड्यांचं बिल पावसाळा बघत नाही.

तर माझं मत विचारत असाल तर, आज विकू नका आणि आज नवे पैसेही घालू नका. उभ्या घोडीला आज भाव येणार नाही. स्कॅन, कागद, चौथ्याचा हिस्सा, ह्या क्रमाने महिनाभरात करा. स्कॅनमध्ये टेंडन गेलेलं निघालं तर तिला पळवायचं खूळ तिघांनीही सोडा आणि सरळ स्टडवाल्यांकडे चौकशी सुरू करा, मुंबईवाला कितीही रडला तरी. शिन सोअर किंवा तसलंच किरकोळ निघालं तर तिला अजून एक पूर्ण सीझन द्या, पुणे जुलै ते ऑक्टोबर आणि मग नोव्हेंबरपासून मुंबई, आणि एप्रिलमध्ये मुंबई संपली की पुन्हा बसून ठरवा. तारीख आत्ताच ठरवून ठेवा म्हणजे दर रेसनंतर तोच वाद नको.

ताजा कलममध्ये विचारलंय की मुलीला एकदा रेस बघायला नेऊ का, ती आठवीत आहे, घोड्यांची वेडी आहे. न्या की. इंडियन डर्बी सहसा फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी असते, १९४३ पासून चाललीय, चोवीसशे मीटर. त्या शनिवार-रविवारचं होमस्टेचं बुकिंग आत्ताच ब्लॉक करा. तिला पैजेच्या खिडक्यांकडे न नेता पॅडॉकच्या कठड्यापाशी उभं करा, रेसच्या आधी घोडे तिथे गोल फिरवतात, हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळून जातात. वहिनींनाही घेऊन जा. डर्बी संध्याकाळकडे पळते, त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला परतायची शेवटची रो-रो किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा, नाहीतर वडखळच्या ट्रॅफिकमध्ये मध्यरात्र होईल.